आठ इंची पाइपाचा उन्हाळा

गेल्या आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला. उसाचा हंगाम संपला असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही, पट्टा पडला म्हणतात. चार-पाच महिने चाललेली ट्रॅक्टरची धडधड, त्यावरची कर्कश गाणी, चढाला बैलांना घातलेल्या हाका, सगळं एका दिवसात बंद होतं. रस्त्यावर चेपलेलं पाचट उरतं. मळीचा आंबूस वास दोन-चार दिवस रेंगाळतो आणि मग तोही जातो. बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला माझं घर आहे. सकाळच्या शिफ्टच्या मोटारसायकली निघून गेल्या की आता इतकं शांत होतं, की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.

या शांततेत मला दरवर्षी लोखंडाचा वास येतो. घासून तापलेल्या, जळकं तेल लावलेल्या लोखंडाचा. उन्हाळा म्हटलं की लोकांना आंबे आठवतात, मोगरा आठवतो. मला आठ इंची पाइप आठवतो. त्याला माझा इलाज नाही.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतला तो उन्हाळा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी आले होते. विषय गणित. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत. आई तर शाळेच्या दारातूनच माघारी आलेली. कळसच्या अलीकडं आमची वस्ती. तिथून तीन वर्षं मी बारामतीला एसटीनं ये-जा केली, त्यातली निम्मी उभ्यानं. घरातली पहिली पदवीधर मी, हे मी आजही सांगते, कुणी विचारलं नाही तरी. ज्यांच्या भिंतीवर तीन पिढ्यांच्या पदव्या टांगलेल्या आहेत त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. वाटू दे.

आमची जमीन ओढ्याच्या दोन्ही अंगांना. अलीकडच्या तुकड्याला कॅनॉलच्या चारीचं पाणी मिळायचं. पलीकडं माळ होता, कुसळांचा आणि दगडांचा, आणि आबांच्या मेंढरांचा. त्या वर्षी आबांनी मेंढरं विकली आणि माळावर खड्डे घेऊन डाळिंब लावलं. दोनशे रोपं. मेंढरं गेली त्या दिवशी आबा जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पहार घेऊन माळावर गेले. गावात पारावर म्हणणारे म्हणायचे, "मेंढरामागं फिरलेला गडी, ह्याला बाग झेपतीया व्हय?" आणि आबांना ऐकू जाईल इतक्या बेतानं म्हणायचे.

रोपांना पाणी आम्ही बैलगाडीवर टिपाडं भरून न्यायचो. ओढ्यात उतरायचं, पलीकडं चढायचं, एका रोपाला दोन तांबे. चैत्र उतरला तसं दोन तांब्यांत भागेना. पानांच्या कडा करपायला लागल्या. आबा प्रत्येक रोपाजवळ बसून बोटानं माती उकरून बघायचे, ओल किती खोल आहे ते. बोट दिवसेंदिवस खोल जात होतं.

इलाज ठरलेला होता. ओढ्यावरून पाइप टाकायचा. दोन्ही काठांवर दगडी खांब बांधून झाले होते. एका भंगारवाल्याकडून वीस-वीस फुटांचे दोन लोखंडी पाइप आणले होते, आठ इंची, आत लहानसं मांजर आरामात झोपेल असे. एक मांजर खरंच झोपायचं. दोघांची तोंडं एकमेकांना लावून वेल्डिंग करायचं, जोडलेला पाइप खांबांवर टेकवायचा, की चारीचं पाणी आपल्या उतारानं माळावर. पण दोन्ही पाइपांची तोंडं कुणीतरी गॅसनं घाईत तोडलेली, दातेरी. ती सरळ कापल्याशिवाय जोड बसणार नव्हता. आणि सगळी मिळून लांबी गरजेपेक्षा फक्त वीतभर जास्त होती. त्या मापाचा तिसरा पाइप भंगारात नव्हता. कॅनॉलचं रोटेशन आठ दिवसांवर आलेलं. ते चुकलं तर पुढचं पाणी महिना-सव्वा महिन्यानं, आणि तोवर रोपं दम धरणार नाहीत हे आबांना बोटानं कळलेलं होतं.

जोड लावणार होते बापूराव, गावातले वेल्डर. डोळे कायम लाल आणि बोलणं त्याहून तिखट. ते आले, पाइपाभोवती एक फेरी मारली आणि उकिडवे बसले.

"आबा, तोंडाला तोंड लागलं पायजे. करंगळी जाईल एवढी फट दिसली तर मी रॉड जाळत बसणार न्हाय. आन् तिरकं कापलं तर पाइप मधीच कंबरंत लचकल. पलीकडच्या खांबावर बसायचा सोडून बांधाला जाऊन धडकल."

"मग तूच दे की कापून," आबा म्हणाले.

"गॅस कुठाय माझ्याकडं? कटरवाली सगळी माणसं कारखान्यात गेल्यात दुरुस्तीला. पट्टा पडला की ती दिवाळीपतूर घावत न्हाईत. हेक्स्यानं कापा घरी."

"आठ इंची पाइप हेक्स्यानं?"

"तुमच्या घरात गिर्‍याजुएट बसलीया की. तिला आखून द्या म्हणावं."

हेक्सा म्हणजे लोखंड कापायची हातकरवत. बापूरावांनी टोमणा मारला होता, पण मी तो कामासारखा उचलला. तीन वर्षं वर्तुळं, दंडगोल, स्पर्शिका यांच्यातच काढली होती. एका दंडगोलाला सरळ छेद देणं म्हणजे काय मोठं?

मेंढरांच्या मोकळ्या झालेल्या वाड्यात आमचा कारखाना मांडला. बाभळीच्या दोन ओंडक्यांना खाचा पाडून त्यांत पाइप ठेवला, म्हणजे तो घरंगळणार नाही पण फिरवता येईल. पाइपाला दोर गुंडाळून ओढला की तो जडशीळपणे कुरकुरत जागच्या जागी वळायचा. वाड्यात लेंड्यांचा आणि लोकरीचा वास अजून होता; त्यात आता जळक्या तेलाचा वास मिसळला. मी वही घेऊन बसले. बाहेरचा व्यास मोजला, त्यावरून घेर काढला, घेराचे आठ सारखे भाग केले. प्रत्येक भागावर पाइपाच्या तोंडापासून बरोबर चार बोटं आत खडूनं खूण केली. आठ खुणा जोडून रेघ काढली. इतकी देखणी रेघ आली होती, की आईला हात धरून दाखवायला आणलं.

"रांगोळीगत दिसतीया," आई म्हणाली आणि भाकरी करपेल म्हणून परत गेली.

आबांनी दुपारभर कापलं. आबांचं कापणं मेंढरामागच्या चालण्यासारखं, घाई नाही आणि थांबणंही नाही. करवत पुढं जाताना दाब, मागं येताना सैल. मी तेल सोडत होते आणि दोर ओढून पाइप वळवत होते. ऊन उतरलं तेव्हा कापलेलं कडं ठण्णकन खाली पडलं. आम्ही दोघं हसलो. रेघ सोडून करवत कुठं केसभर गेली नव्हती.

संध्याकाळी बापूराव आले. त्यांनी पिशवीतून गवंड्याचा गुण्या काढला, तो लोखंडी काटकोन. एक पाय पाइपाच्या पाठीवर ठेवला, दुसरा कापलेल्या तोंडावर सोडला. वरच्या अंगाला तो चिकटून बसला. खाली करंगळी गेली.

"तिरकं हाय."

"रेघेवर कापलंय," मी म्हणाले.

"मग रेघ तिरकी हाय."

"रेघ तोंडापासून मापून काढलीय. आठ ठिकाणी."

बापूरावांनी खाली पडलेलं कडं उचललं आणि माझ्यापुढं जमिनीवर ठेवलं. कडं सगळीकडून सारखं चार बोटं रुंद होतं. चूक माझ्या मापात नव्हतीच. पाइपाचं तोंडच मुळात तिरकं तोडलेलं होतं. दातेरी कडेत ते डोळ्यांना कळलं नव्हतं, आणि मी त्या तिरक्या तोंडापासून अत्यंत काळजीपूर्वक मापं घेऊन तंतोतंत तेवढीच तिरकी रेघ काढली होती. चार बोटं लोखंड गेलं होतं. आता हेच तोंड सरळ करायला आणखी दोन बोटं, दुसऱ्या पाइपाची चार. म्हणजे वीत संपल्यातच जमा. आणखी एक चूक झाली असती तर पाइप पलीकडच्या खांबापर्यंत पोचला नसता.

आबा एवढंच म्हणाले, "पोरी, तुझं गणित बरोबर हाय. पाइपच खोटा हाय." ते मला धीर देत होते की खरंच तसं मानत होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मी शाळेत गणित शिकवते. पोरं उत्तर चुकल्यावर पायऱ्या तपासतात. पायऱ्या बरोबर निघाल्या की चिडतात, बाई, उत्तर चुकेल कसं? मी म्हणते, सुरुवात कुठून केलीस ते दाखव. त्यांना ते प्रश्नाचं उत्तर टाळणं वाटतं. एवढं मात्र खरं, की परीक्षेत शंभरातले नव्वद मिळवणाऱ्या बाईनं हे पुस्तकात शिकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाड्यात गेले नाही. आबा एकटेच टिपाडं घेऊन माळावर गेले. घरात आईचं उन्हाळी काम निघालं होतं. दरवर्षी त्या दिवसांत ती खाटांच्या नवारी सोडायची. लाकडाच्या खाचांत ढेकूण झालेले असायचे, तिथं कढत पाणी ओतायची, नवार सोड्यात भिजवून बडवायची, कुंपणावर वाळवायची. चार बोटं रुंद पांढरी सुती पट्टी, कुंपणभर पसरलेली. वाळली की गुंडाळून ठेवायची आणि मग सवडीनं खाट विणायची.

"सुमे, बसून काय राहिलीस? गुंडाळाया लाग."

मी गुंडाळायला लागले. मन पाइपात होतं. नीट बघितलं नाही, आणि नवारीची गुंडाळी एका अंगानं पुढं सरकत सरकत नरसाळ्यासारखी झाली. आईनं ती माझ्या हातातून ओढून घेतली.

"चार बुकं शिकली आन् साधी नवार गुंडाळता येईना! काठावर काठ येऊ द्यावा की गं. पहिल्याच येढ्याला काठ सरकला की पुढं सगळी सरकती."

तिनं झटकन सोडून परत गुंडाळली. काठावर काठ, काठावर काठ. तिच्या मांडीवर नाण्यासारखी सपाट गुंडाळी तयार झाली. मी तिच्याकडं बघत राहिले.

पट्टी सरळ कडेची आहे. गोल वस्तूभोवती ती आडवी गुंडाळली आणि फिरून आलेला काठ पहिल्या काठावर बरोब्बर बसला, तर ती काटकोनातच आहे. जरा तिरकी गेली तर फिरून येताना सरकणारच. लपवायला जागाच नाही. पाइपाचं तोंड कसंही असो, तिरकं, फाटकं, दातेरी, तोंडाला विचारायचंच नाही. पाइपाच्या अंगालाच विचारायचं.

मी दुसरी नवार उचलून वाड्याकडं पळाले.

"अगं धुतलेली हाय ती!" आई मागून ओरडली. "त्याल लागलं तर त्याच्यावर निजायचं कुणी?"

आबा गाडी सोडत होते. मी पाइपाच्या तोंडापासून दोन-तीन बोटं आत नवार गुंडाळायला लागले, ताणून, तीन वेढे. पहिल्यांदा काठ सरकला. सोडली. दुसऱ्यांदा जरासा सरकला. सोडली. आबा कमरेवर हात ठेवून बघत होते.

"काय गं, पाइपाला पटका बांधतीस व्हय? लगीन ठरलं काय त्याचं?"

तिसऱ्यांदा काठावर काठ बसला, तिन्ही वेढ्यांचा, बोटानं चाचपला तरी पायरी लागेना. मी आबांना चाचपायला लावलं. त्यांनी डोळे मिटून बोट पूर्ण घेरभर फिरवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "खडू आण."

ती दुसरी कापणी मला सगळ्यात जास्त आठवते. या वेळी आबांनी एका जागी खोल कापलंच नाही. नवारीच्या काठानं आधी सबंध घेरभर नुसती चीर पाडली, नखाएवढी खोल. जरा कापायचं, मी दोर ओढून पाइप जरा वळवायचा, परत जरा कापायचं. फिरून आलेली चीर सुरुवातीच्या चिरेला येऊन मिळते का, याकडं आम्ही दोघंही श्वास धरून बघत होतो. मिळाली. एकात एक. मग तीच चीर खोल करत गेलो. करवतीला आता वाट होती, ती दुसरीकडं जाणार कुठं? मधेच आबांनी करवत माझ्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा लोखंड कापलं. हाताला आधी कळतच नाही की काही होतंय, नुसती किरकिर. मग बारीक चंदेरी भुकटी तेलात मिसळून पायावर पडायला लागते आणि आपण चकित होतो, की एवढ्या जाड वस्तूलाही आपल्या हाताचं ऐकावं लागतं. दोन ब्लेडं मी मोडली. आबांनी एक. तळहातांना फोड आले ते मी कॉलेजच्या मैत्रिणींना पत्रातून कळवले, जरा वाढवूनच.

दुपारी वाड्याच्या पत्र्याखाली भट्टी असायची. आई ताक घेऊन यायची, तांब्या ठेवायची, आणि तेलानं काळ्या पडलेल्या नवारीकडं बघून एक उसासा टाकून जायची. दुसऱ्या पाइपाच्या वेळी मात्र ती गेली नाही. पदर खोचून बसली, नवार माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः गुंडाळली. पहिल्याच खेपेला काठावर काठ.

"आता कापा," म्हणाली. तिला दंडगोल म्हणजे काय ते मी सांगायला लागले. तिनं अर्धं ऐकलं आणि विचारलं, "मग तुमच्या कालिजात नवार नव्हती का?"

मला त्या उन्हाळ्यात पदवीचा कमीपणा वाटला असं कुणाला वाटेल, तर ते खरं नाही. उलट मला शिकल्याचा अभिमान खऱ्या अर्थानं त्या वाड्यात वाटला. आई हजार वेळा नवार गुंडाळत आली होती. आबांनी हजार वेळा ती गुंडाळताना बघितली होती. त्या नवारीचा पाइपाशी संबंध आहे हे दिसायला मला ती तीन वर्षं आणि ती तिरकी रेघ, दोन्ही लागली. आजही बाटलीला कागदाची पट्टी गुंडाळून मी वर्गात काटकोन दाखवते तेव्हा मागच्या बाकावरची पोरं जी मान वर करतात, ती फळ्यावरच्या आकृतीला कधी करत नाहीत. आणि उसाच्या ट्रॉल्या बंद झाल्या की अजूनही माझे तळहात उगाच खाजतात.

पाणी सुटायच्या आदल्या दिवशी बापूराव आले. गुण्या लावला. वर लावला, खाली लावला, दोन्ही कुशींना लावला. पहिल्या पाइपाला, मग दुसऱ्याला. शेवटी गुण्या पिशवीत टाकला.

"कुणी कापला?"

"आमी," आबा म्हणाले.

"आखला कुणी?"

आबांनी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं. बापूरावांनी तोंडासमोर काळी काच धरली. "बरं हाय," एवढंच काचेमागून ऐकू आलं. त्यांच्याकडून त्याहून मोठं कौतुक कुणाला मिळाल्याचं मला माहीत नाही.

जोड झाला, थंड झाला. वस्तीवरच्या दहा-बारा माणसांनी तो चाळीस फुटी पाइप खांद्यावर घेतला आणि कोरड्या ओढ्यातून चालत नेला. पारावर बोलणारेही त्यात होते. एकाचा खांदा तर सगळ्यात पुढं होता. खांबांवर ठेवताना आबा पलीकडच्या खांबाजवळ उभे होते, खांबाकडं न बघता, पाठ करून. धप्प आवाज आला. पाइप खांबावर बसला होता, एक बोट जागा राखून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारीला पाणी आलं, गढूळ, वर काटक्या आणि फेस घेऊन. आई पलीकडं माळावर पहिल्या सरीपाशी फावडं घेऊन थांबली होती. मी अलीकडं चारीवर. मी पाणी अडवणारं दार काढलं आणि पाणी पाइपाच्या तोंडात गेलं. आत त्याचा आवाज घुमला, आधी पोकळ, मग भरत भरत जड. आबा ओढ्याच्या पात्रात उतरले होते, बरोबर जोडाखाली. त्यांनी हात वर करून तळवा जोडाच्या खालच्या अंगाला टेकवला. आणि तसाच धरून ठेवला. मी वरून ओरडले, "आबा, गळतंय का?" आतला आवाज त्यांच्या डोक्यावरून पुढं गेला.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात खाली घेतला, पालथा केला, उताणा केला, आणि माझ्याकडं वर करून दाखवला. कोरडा ठणठणीत.

पलीकडून आई फावडं उंच करून ओरडत होती, "अवो, आलं! पाणी आलं!" आणि आबा ओढ्यात उभे राहून अजून आपल्या तळहाताकडंच बघत होते.